पाणी कुठवर येईल? पुराच्या अंदाजाची कहाणी



नदीकाठी जमीन असली म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर एक प्रश्न घरात निघतोच. यंदा पाणी कुठवर येईल? मोटार कुठं बसवायची, गोठ्याचं जोतं किती उंच घ्यायचं, मुलाचं नवं घर मळीत बांधायचं की गावठाणात, हे सारं त्या एका प्रश्नावर ठरतं. जोतं दोन फूट कमी पडलं तर जनावरं दगावतात. दोन फूट उगाच चढवलं तर कर्ज वाढतं.

या प्रश्नाचं उत्तर आपले वाडवडील आणि पुढे इंजिनीअर मंडळी कसं काढत आली, त्याचा इतिहास या पत्रकात दिला आहे. तुमच्या जमिनीवरून सरकारी नकाशातली पुराची रेघ जात असेल, तर ती कशाच्या आधारावर आखली हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. त्याशिवाय तिच्यावर भरवसा किती ठेवायचा, हे ठरवता येत नाही. उदाहरणं मुख्यतः कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातली आहेत. पण गोदाकाठच्या, भीमाकाठच्या किंवा तापीकाठच्या शेतकऱ्यालाही ती लागू पडतील.

खुणांचा काळ

पूर मोजण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे खूण. देवळाची पायरी, घाटाचा बुरूज, वडाचं खोड. "आजोबांच्या वेळेला पाणी मारुतीच्या चौथऱ्याला लागलं होतं," एवढं वाक्य तीन पिढ्यांना पुरत असे. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं देऊळ आहे. तिथं पुराचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं म्हणजे दक्षिणद्वार सोहळा होतो. भाविकांना ते स्नानाचं पर्व, तर आसपासच्या शेतकऱ्याला तीच पाण्याची मोजपट्टी. दक्षिणद्वार झालं म्हणजे आपल्या कुठल्या शेतात पाणी आलं असेल, हे शिरोळ भागातला जाणता माणूस घरबसल्या सांगतो. कोल्हापुरात पंचगंगेच्या जुन्या शिवाजी पुलाशी पाणी ठराविक उंचीला टेकलं की "मच्छिंद्री झाली" म्हणतात. त्याचा अर्थ सगळ्या शहराला कळतो.

पुढे खुणेला आकडे आले. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. त्या पुलापाशी पाण्याची उंची फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याशी ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. पावसाळ्यात रेडिओवर हेच आकडे तुम्ही ऐकता.

खुणेत मोठा गुण असा की ती खोटं बोलत नाही. तिथं पाणी आलं होतं म्हणजे आलं होतं. पण तिची मर्यादाही ध्यानात घ्या. पाणी कुठवर आलं, एवढंच खूण सांगते. कुठवर येऊ शकेल, हे ती सांगत नाही.

सूत्रांचा काळ

इंग्रजी अमलात रेल्वे, पूल आणि धरणं बांधायला सुरुवात झाली, तेव्हा खुणा अपुऱ्या पडू लागल्या. पुलाच्या कमानी किती ठेवायच्या? धरणाच्या सांडव्यावरून किती पाणी जाऊ द्यायचं? ज्या ओढ्यावर कुणी कधी माप घेतलं नव्हतं, तिथं इंजिनीअरनं सांगायचं तरी काय?

मग सूत्रं निघाली. उत्तर हिंदुस्थानसाठी १८६५ साली डिकन्स यांचं सूत्र आलं, मद्रास इलाख्यासाठी १८८४ साली राईव्ह्ज यांचं. आपल्या मुंबई इलाख्यासाठी १९३० साली इंग्लिस यांनी सूत्र बसवलं. इंग्लिस हे पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात काम करणारे नामांकित इंजिनीअर. सह्याद्रीतल्या नद्यांचे पूर पाहून त्यांनी हिशेब मांडला. पाणलोटाचं क्षेत्र चौरस मैलांत घ्या, त्याला ७००० नं गुणा, मग क्षेत्रात ४ मिळवून आलेल्या आकड्याच्या वर्गमुळानं भागा. उत्तर क्युसेकमध्ये येतं. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी.

२५ चौरस मैलांच्या पाणलोटाला या हिशेबानं सुमारे ३२,५०० क्युसेक येतात. १०० चौरस मैलांना सुमारे ६८,६०० क्युसेक. म्हणजे क्षेत्र चौपट झालं तरी पूर दुपटीच्या आसपासच. कारण मोठ्या पाणलोटात सगळ्या ओढ्यांचं पाणी एकाच घटकेला येऊन पोचत नाही.

सूत्र कामाचं होतं. त्यावर पूल उभे राहिले आणि टिकलेही. पण आता हे बघा, की या हिशेबात शिरतं काय? फक्त क्षेत्रफळ. डोंगरावर रान आहे की उघडा खडक, शिवारात बांध आहेत की घरं, पाऊस एका दिवसात पडला की आठवड्यात, यांतलं काहीच त्यात मोजलं जात नाही. त्या वेळी सह्याद्रीची जी रानं होती आणि जो पाऊस होता, तो सूत्रातल्या ७००० या आकड्यात न सांगता मिसळून गेला आहे. रान आणि पाऊस बदलले, तरी ७००० आपलं आहे तिथंच राहतं.

नोंदींचा आणि गणिताचा काळ

त्यानंतर गणित पुढे सरकलं. १९३२ साली अमेरिकेत शर्मन या इंजिनीअरनं एक रीत काढली. ठराविक वेळात ठराविक पाऊस पडला, तर नदी किती वेळात चढेल आणि किती वेळात उतरेल, याचा आलेख तिनं काढता येऊ लागला. १९४१ साली गुंबेल नावाच्या गणितज्ञानं वर्षावर्षांच्या सर्वांत मोठ्या पुरांच्या नोंदींवरून पंचवीस वर्षांचा, पन्नास वर्षांचा, शंभर वर्षांचा पूर काढण्याची रीत मांडली. आपल्याकडे केंद्रीय जल आयोगानं देशाचे २६ उपविभाग पाडून लहानमोठ्या ओढ्यांवरच्या पुलांसाठी हिशेब तयार केले. तुमच्या गावच्या रस्त्याखालच्या मोरीचं तोंड किती मोठं असावं, हे अशाच हिशेबावर ठरतं.

"शंभर वर्षांचा पूर" हा शब्द मात्र फसवा आहे. पुष्कळांना वाटतं, असा पूर एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निश्चिंती. तसं नाही. एका पिशवीत शंभर गोट्या आहेत असं धरा. नव्याण्णव पांढऱ्या आणि एक लाल. दर साली डोळे मिटून एक गोटी काढायची आणि पुन्हा पिशवीत टाकायची. लाल निघाली की मोठा पूर. यंदा लाल निघाली म्हणून पुढल्या साली ती निघणार नाही, असं कोण सांगेल? या हिशेबानं तीस वर्षांत एकदा तरी लाल गोटी निघण्याचा संभव चारात एक एवढा आहे. घराचं कर्ज फेडता फेडता एवढी वर्षं सरतात.

याच गणितावर आपल्या राज्याच्या पाटबंधारे खात्यानं १९८९ साली नदीकाठच्या पूररेषांचे नियम केले. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. नदी ते निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध. तिथं शेती करा, पण बांधकाम करू नका. निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित, म्हणजे तिथलं बांधकाम अटी पाळूनच.

अंदाज चुकला तर काय होतं, हे गुजरातेत १९७९ साली दिसलं. मच्छू नदीवरच्या दुसऱ्या धरणाचा सांडवा सुमारे दोन लाख क्युसेक पाण्यासाठी बांधलेला होता. ११ ऑगस्टला त्याहून कितीतरी जास्त पाणी आलं. मातीचे भराव वाहून गेले आणि खालच्या मोरवी गावात हजारो माणसं बुडाली. धरण पुन्हा बांधलं तेव्हा सांडवा कितीतरी पटींनी वाढवला. १९८५ साली सांडव्यांबद्दलचं भारतीय मानकही निघालं. मोठ्या धरणाला शंभर वर्षांचा पूर पुरेसा मानायचा नाही, तर त्या पाणलोटात जास्तीत जास्त जेवढा पूर संभवतो तेवढा धरायचा, असं त्यात ठरलं.

गणितानं धरलेली एक गोष्ट

सूत्र असो की गुंबेलची रीत, दोन्हींत एक गोष्ट धरून चाललेली असते. मागं जसं आभाळ होतं आणि जशी जमीन होती, तशीच ती पुढेही राहील. म्हणजे पिशवीतल्या गोट्या तेवढ्याच आणि त्याच रंगाच्या.

आता तसं राहिलेलं नाही. कुणीतरी न सांगता पिशवीत लाल गोट्या टाकत आहे. २००८ साली जगातल्या काही नामांकित जलतज्ज्ञांनी हे उघडपणे मांडलं, की मागच्या नोंदींवरून पुढचं पाणी सांगण्याचा जुना आधार आता निसटला आहे. शंभरातली एक लाल गोटी वाढून पन्नासात एक झाली, तर तीस वर्षांतला धोका चारात एकवरून जवळजवळ निम्म्यावर येतो. नकाशावरची रेघ मात्र जागची हलत नाही.

आभाळ कसं बदललं

हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते. एक अंश सेल्सिअसला साधारण सात टक्के जास्त. ही वाफ एकदम उतरली की पाऊस झोडपतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिलं, की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आणि मध्यम पाऊस कमी झाला. २०१७ सालच्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं, की १९५० पासून २०१५ पर्यंत मोठ्या मुलखावर एकाच वेळी पडणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीनं वाढले.

म्हणजे वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच दिसला, तरी त्याची पडण्याची तऱ्हा बदलली. आठ दिवस रिपरिप पडणारा पाऊस जमिनीत मुरतो. तोच दोन दिवसांत पडला की नदीला जातो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पडला. महाबळेश्वर हा कृष्णा-कोयनेचा माथा आहे. तिथं ओतलेलं पाणी खाली सातारा-सांगलीकडंच येणार.

जमीन कशी बदलली

एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी झालं. रानात, गवताळ माळावर किंवा बांधबंदिस्ती केलेल्या शेतात त्यातलं पुष्कळ मुरतं. डांबरावर, फरशीवर आणि पत्र्यावर दहा हिश्श्यांतले आठ-नऊ हिस्से वाहून जातात. गावाच्या वरच्या अंगाला शंभर एकर माळावर प्लॉट पडले आणि मुरणारं पाणी इंचाला अर्ध्या इंचानं घटलं, तर पन्नास लाख लिटर जादा पाणी ओढ्यात आलं. शिवाय ते आलं लवकर. पूर्वी ओढा दोन-तीन तासांत चढत असेल, तर आता तासाभरात चढतो. माणसाला सावध व्हायला वेळच मिळत नाही.

इथं लहान ओढा आणि मोठी नदी यांतला फरक समजून घ्या. ओढ्याच्या पुरावर जमिनीच्या बदलाचा परिणाम फार मोठा होतो. मोठ्या नदीचं गणित थोडं वेगळं. पंधरा-पंधरा दिवस पाऊस लागून राहिला, काळी जमीन फुगून गच्च झाली, की रान असो वा शेत, वरून पडलेलं पाणी वाहणारच. तिथं नुकसान होतं ते दुसऱ्या कारणानं. नदीची पसरायची जागा आपण अडवली. काठच्या मळीत घरं, गोदामं आणि वीटभट्ट्या आल्या. पात्राला आडवे रस्त्यांचे उंच भराव आले आणि मोऱ्या अपुऱ्या ठेवल्या. ओढ्यांची तोंडं बुजली. घमेल्यात पाणी तेवढंच, पण आत विटा ठेवल्या की पातळी चढते. नदीचंही तसंच. त्यामुळे क्युसेकचा आकडा जुनाच असला, तरी फुटांचा आकडा जास्त येऊ शकतो. आजोबांची खूण खरी असूनही आज कमी का पडते, ते यातून उमगेल.

धरणांचंही एक ध्यानात ठेवा. कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावतं. अशा धरणांनी दरसालचे लहान पूर पोटात घेतले. दोन पिढ्यांनी मोठं पाणी पाहिलं नाही. मळीत पाणी येत नाही असं वाटून लोक नदीकडं सरकले. पण धरण भरत आल्यावर वरून मोठं पाणी आलं, तर ते सोडावंच लागतं. लहान पूर दिसेनासे झाले म्हणून मोठा पूर गेला, असं समजू नये.

तीन पुरांची साक्ष

२००५ साली सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. लोकांनी भिंतींवर रेघा मारल्या. याहून जास्त येणार नाही म्हणून पुष्कळांनी त्याच रेघेवर नवी जोती आणि मोटारींचे कठडे बांधले. चौदा वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. कोल्हापूरला ते ५५ फुटांच्या वर होतं. शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद राहिला. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि गावकरी बुडाले. ऊस आठ-आठ दिवस पाण्याखाली राहून कुजला. लोक म्हणाले, आता शंभर वर्षं बघायला नको. पुढं दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, सांगलीला पाणी ५४ फुटांच्या वर आलं आणि कोल्हापूरला २०१९ चीही रेघ ओलांडून सुमारे ५६ फुटांवर गेलं.

या दोन पुरांची वाटही निरनिराळी होती. २०१९ साली पाऊस बरेच दिवस कोसळत राहिला होता. २०२१ साली दोन-तीन दिवसांच्या पावसानंच तेवढी मजल मारली. पाऊस किती दिवस पडतोय, यावर भरवसा ठेवून बसणाऱ्यांना त्या वर्षी सामान हलवायलाही फुरसत मिळाली नाही.

२०१९ च्या पुरानंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०२० साली आला. अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडंही त्यात बोट दाखवलं आहे. आभाळ आपल्या हातात नाही. ओढा आणि मळी मात्र पुष्कळशी आपल्या हातात आहे.

आपण काय करावं?

एक. गावातल्या प्रत्येक मोठ्या पुराची खूण पक्की करा. देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर साल आणि उंची कोरून किंवा ऑईलपेंटनं लिहून ठेवा. जुन्या माणसांना विचारून जुन्या खुणाही लिहून काढा. चुन्याची रेघ दोन पावसाळ्यांत जाते.

दोन. आपल्या शिवाराची सांगड मोजपट्टीशी घाला. आयर्विनला, राजाराम बंधाऱ्याला किंवा तुमच्या जवळच्या पुलाला किती फूट झाले की आपली वाट बंद होते, किती झाले की गोठ्यात पाणी येतं, हे वहीत टिपून ठेवा. मग रेडिओवरचा आकडा तुमच्या घरचा आकडा होतो.

तीन. नवं जोतं, धान्याची कणगी, बियाणं, खतं आणि कागदपत्रं गेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेच्याही वर हात-दोन हात ठेवा. ती खूण म्हणजे शेवटची हद्द नव्हे. मोटारीची स्टार्टर पेटी चटकन सोडवून वर नेता येईल अशी बसवा.

चार. घर बांधण्याआधी पाटबंधारे कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत निळ्या-लाल रेषेचा नकाशा पाहा. निळ्या रेषेच्या आत घर बांधू नका. लाल रेषेच्या जेमतेम बाहेर असाल, तरी स्वतःला सुरक्षित समजू नका. ती रेषा कोणत्या सालापर्यंतच्या पुरांवरून आखली, हे जरूर विचारा. २०१९ आणि २०२१ चे पूर त्यात धरलेले नसतील, तर ग्रामसभेत ठराव करून फेरआखणी मागा.

पाच. ओढा अरुंद करू नका. बांध सरकवून दोन सऱ्या ऊस जास्त येईल, पण पुरात चार एकर जाईल. नवा रस्ता होत असेल तर मोऱ्या किती आणि केवढ्या, हे काम सुरू होण्याआधी विचारा. भराव टाकून झाल्यावर विचारणं व्यर्थ.

सहा. वरच्या अंगाचे बांध, समतल चर आणि गवताची कुरणं राखा. त्यांनी कृष्णेचा महापूर थांबणार नाही. गावच्या ओढ्याचा जोर मात्र नक्की कमी होतो, आणि तेच पाणी उन्हाळ्यात विहिरीला लागतं.

सात. इशाऱ्याची पातळी ऐकली की जनावरं हलवायला लागा. धोक्याच्या पातळीची वाट पाहू नका. रात्रीच्या अंधारात, छातीभर पाण्यात दावं सोडायची वेळ येऊ देऊ नये.

मंडळी, वाडवडिलांनी खुणा जपल्या म्हणून आपल्याला आधार मिळाला. आता आपल्या खुणा आपण जपायच्या. फक्त नातवंडांना दाखवताना एवढं जोडून सांगा, की पाणी इथवर आलं होतं, याच्याही वर येऊ शकतं.